चार होल्डर

विष्णुपंतांनी होल्डरची काळी पट्टी वर ओढली आणि तो दुकानाच्या दाराकडे, उजेडात धरला. एक डोळा मिटून त्यांनी चारी कडा तपासल्या. कुठे फट नव्हती. पट्टी परत खाली सरकवली, तेव्हा ती मखमलीतून कुठेही न अडकता गेली.

"मखमल नवी आहे," गोप म्हणाला. "बाबांच्या हातची. आता असं काम करणारा पूर्ण कॅम्पात कोणी नाही, पंतसाब."

गोपचे वडील टेकचंद म्हणजे उल्हासनगर कॅम्पातले कॅमेऱ्यांचे जुने कारागीर. गेल्या दिवाळीत ते वारले. मुलाला दुकानात टेपरेकॉर्डर मांडायचे होते, म्हणून कपाटं रिकामी करणं चाललं होतं. ते कानावर आलं आणि विष्णुपंत सकाळीच अंबरनाथहून निघाले. त्यांच्या स्टुडिओकडे एका कारखान्याचं काम आलं होतं. दोनशे कामगारांचा एकच फोटो, आणि त्यात प्रत्येकाचा चेहरा ओळखू आला पाहिजे. ते मोठ्या लाकडी कॅमेऱ्याचंच काम. कॅमेरा घरात होता, पण फिल्मचे सुटे ताव ज्यांत भरून मागे लावायचे ते होल्डर पाच वर्षांपूर्वी चोरीला गेले होते.

"असे किती आहेत?"

"चार. चारही सेम."

विष्णुपंतांनी दुसरा उचलला, पालथा केला, आणि तिथेच थांबले. कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने बारीक पाचाचा आकडा घातला होता. त्याची शेपटी जरा जास्तच लांब गेली होती. त्यांनी तिसरा उचलला. सहा. चौथ्यावर आठ.

हे आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने घातले होते.

"हे माझे आहेत," ते म्हणाले. "गोप, हा चोरीचा माल आहे. कोणी आणून विकला तुमच्याकडे? किसन नाव सांगितलं का त्याने? उंच, सावळा, कपाळावर खूण आहे."

गोप रागावला नाही. "बाबा चोरीचा माल घेत नव्हते," एवढंच म्हणाला आणि आतून एक खाकी पाकीट घेऊन आला. "याच्यातच होते चारी. विकायला नाही, रिपेरीला आले होते. पार्टी परत आलीच नाही. बाबांनी लई वाट बघितली."

पाकिटावर निळ्या शाईत लिहिलं होतं: चार होल्डर, मखमल बदलणे, वि. ग. दातार, अंबरनाथ. खाली तारीख होती, अकरा जुलै चौऱ्याऐंशी. नाव विष्णुपंतांचंच होतं, आणि अक्षरही.

त्यांनी ते दोनदा वाचलं. चौऱ्याऐंशीच्या जुलैत उमा, त्यांची पत्नी, इथल्याच एका दवाखान्यात होती. विषमज्वर उलटला होता. रोज सकाळी पेजेचा डबा घेऊन ते अंबरनाथहून यायचे. त्यातल्याच एका सकाळी पिशवीतून होल्डर आणून इथे ठेवले असतील. असतील कशाला, ठेवलेच होते. समोर लिहिलेलं होतं. त्याच दुपारी डॉक्टरांनी, नातेवाइकांना कळवून ठेवा, असं सांगितलं होतं. उमा वाचली. होल्डर मात्र त्यांच्या मनातून साफ गेले.

"बसा, पंतसाब. पानी मागवू?"

"नको."

सप्टेंबरात होल्डर लागले, तेव्हा मिळाले नाहीत. डार्करूमची किल्ली दोघांकडेच असायची, त्यांच्याकडे आणि किसनकडे. किसन अकरा वर्षं त्यांच्याकडे होता. फिल्म धुणं, प्रिंट काढणं, सगळं तोच बघायचा. विष्णुपंतांनी दोन गिऱ्हाइकांसमोर त्याची पिशवी उलटी केली होती. पिशवीतून डबा, छत्री आणि कसलंसं पुस्तक पडलं. "तुमच्या लोकांना विश्वासाने ठेवलं की..." असं ते म्हणाले होते. वाक्य पुरं केलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती. पोलिसांत दिलं नाही, हे पुढे ते लोकांना आपला मोठेपणा म्हणून सांगत.

रिपेरीचे पैसे देऊन त्यांनी होल्डर पिशवीत घातले. विठ्ठलवाडीला गाडीत बसले. अंबरनाथ आलं, तेव्हा ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

किसनने बदलापूरला, खरवईत खोली घेतल्याचं कधीतरी कानावर आलं होतं. विचारत विचारत पोचायला अकरा वाजले. रविवार होता. बैठ्या खोल्यांची ओळ, समोर सामायिक नळ. उघड्या दारात बनियनवर बसून किसन स्टोव्हची वात बदलत होता. त्याने वर पाहिलं. केस पिकले होते. तो उठला, हात फडक्याला पुसले आणि खुर्ची पुढे केली. पूर्वी तो त्यांना काका म्हणायचा. आता नुसतं "बसा" म्हणाला.

विष्णुपंतांना कुठून सुरुवात करावी ते सुचेना. त्यांनी पिशवीतून एक होल्डर काढला आणि पुढे धरला.

किसनने तो घेतला. पट्टी थोडी ओढली आणि करंगळी मखमलीच्या कडेवरून फिरवली, स्टुडिओत फिरवायचा तशीच.

"टेकचंदशेठनी काम चांगलं केलंय," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं त्यांचं काम आहे ते?"

"मी बघितले होते तिथे. तुमच्याकडून सुटल्यावर दुसऱ्याच महिन्यात. काम विचारायला गेलो होतो. टेबलावर हे पडले होते. पाकीटही बघितलं. तुमचं अक्षर ओळखतो मी."

"मग मला येऊन सांगितलं का नाहीस?"

किसनने पट्टी नीट खाली बसवली.

"सांगितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

यानेच नेऊन ठेवले आणि आता साळसूदपणा करतोय, असंच विष्णुपंत म्हणाले असते. पाकीट दाखवलं असतं, तरी त्यांना पटलं नसतं. त्यांनी मान खाली घातली.

"शेठ म्हणाले, मी येतो तुझ्यासोबत," किसन पुढे म्हणाला. "मीच नको म्हटलं, कळवूही नका म्हटलं. दुसऱ्या माणसाने सांगितल्यावर तुम्ही मानणार, ते मला नको होतं. मग रंगाच्या कंपनीत लागलो. फोटोचं काम सुटलं ते सुटलंच."

"किसन, माझी चूक झाली. मोठी चूक झाली. तू म्हणशील ते..."

"मला काही नको. आई आत आहे. तिला अजून वाटतं, मी घेतले होते. तोंडाने म्हणत नाही. पण तेव्हापासून आपल्या ट्रंकेला कुलूप लावते. आधी लावत नव्हती. तिला तेवढं सांगा."

आत, खाटेवर भागीरथीबाई तांदूळ निवडत होत्या. अंगाने पार वाळल्या होत्या. विष्णुपंत जवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, "किसनने माझे होल्डर घेतले नव्हते. मीच दुकानात दिले होते आणि विसरलो."

"काय म्हणतात?" त्यांनी मुलाला विचारलं.

"तिला कमी ऐकू येतं," किसन म्हणाला. "मोठ्याने सांगावं लागेल."

विष्णुपंतांची नजर दाराकडे गेली. नळावर किसनची बायको अंजना आणि आणखी चारपाच बायका होत्या. पलीकडच्या ओट्यावर दोघेजण पेपर वाचत होते. किसनने त्यांची नजर पाहिली. दार त्याच्या हाताशीच होतं. त्याने ते लोटलं नाही.

"किसनने चोरी केली नव्हती," विष्णुपंत मोठ्याने म्हणाले. "होल्डर मी स्वतः दुकानात ठेवले होते. मी विसरलो, आणि त्याच्यावर आळ घेतला."

नळाचं पाणी बंद झाल्याचं आत ऐकू आलं. ओट्यावरचा एकजण पेपर खाली करून इकडे बघत होता.

भागीरथीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांनी विष्णुपंतांकडे पाहिलं नाही. बराच वेळ त्या मुलाकडेच बघत राहिल्या.

"आलं ऐकू," त्या म्हणाल्या. "आता तिकडं दारात उभं राहून सांगा."