दार लावा

मित्रांनो, दचकू नका, करकरतंय ते माझं दार. मी परसातल्या कोपऱ्यातलं एक जुनं काचघर आहे. बाहेर पाणी गोठलं तरी माझ्या पोटात रोपं जगावीत, एवढंच माझं काम.

मला बांधलं शिंपीकाकांनी. पाडलेल्या घरांच्या खिडक्या आणल्या आणि जमेल तशा जोडल्या. शिंप्याचंच काम ते, अंगभर ठिगळं! काकू म्हणाल्या, "आता काजं-बटणंही लावा." पण त्या खिडक्यांतून कोण कोण वाट बघत बसलं असेल, या विचाराने वारा सुटला की माझ्याच अंगावर काटा यायचा.

काकूंनी माझ्यात बी रुजवून लिंबाचं झाड वाढवलं. असल्या थंडीत लिंबू! शेजारी हसले, काकूंनी कानाडोळा केला. काकांना मात्र दार सताड उघडं टाकायची खोड. काकू ओरडून ओरडून थकल्या. शेवटी एकदा भेगाळलेल्या हातांना तेल चोळता चोळता त्यांनी वाफ धरलेल्या काचेवर बोटाने लिहिलं, "दार लावा."

त्याच हिवाळ्यात काकू आजारी पडल्या आणि गेल्या.

पुढची थंडी आली. रोपांना ऊब म्हणून काकांनी माझ्यात शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवलं, दार नेहमीसारखंच उघडं. काचेवर वाफ धरली आणि हळूहळू अक्षरं उमटली. दार लावा. काका पांढरेफटक पडले. मग मुकाट्याने वळले आणि दार लावलं.

त्या दिवसापासून माझ्या काचांना हात लावायची कोणाची बिशाद नव्हती. काजळी चढली, शेवाळ धरलं. भरदुपारी माझ्यात संध्याकाळ. लिंबाची पानं पिवळी पडून गळू लागली. मला ती गळताना ऐकू यायची.

लेक माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, झाड मरतंय. काचा पुसू द्या."

"हात लावायचा नाही!"

"अहो, आईच्या बोटांचं तेल आहे ते. भूत नाही."

"भूत म्हणतंय कोण? पण बोलणं तिचंच आहे ना?"

लेक डोळे पुसत घरात गेली.

आणि एका दुपारी गारांनी झोडपलं. काका रजई घेऊन धावत आले आणि ती घेऊन आतून त्या अक्षरांच्या काचेलाच बिलगले. माझं छप्पर फुटलं, एक तुकडा लिंबावर पडला, फांदी मोडली. "काय करू गं?" काका धापा टाकत म्हणाले. त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. दार लावा. ते बघतच राहिले. मग स्वतःशीच पुटपुटले, "हिचा जीव तर झाडातच होता." त्यांनी रजई ओढली आणि लिंबावर पांघरली. पुढच्याच गारेने ती काच फुटली. मित्रांनो, एवढं मोठं रडणं माझ्या ठिगळांनी कधी ऐकलं नव्हतं.

लेकीने नव्या काचा बसवल्या. उजेड आला, लिंबाला पालवी फुटली. पुन्हा थंडी पडली तेव्हा काका नव्या काचेसमोर उभे राहिले. वाफ धरली. काच कोरीच. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग जाऊन दार लावलं, बोटाला तेल लावलं आणि लिहिलं, "लावलं गं."

मित्रांनो, आमच्या काचा पुसत जा, उजेड अडवू नका. पण पुसण्याआधी एकदा श्वास सोडून बघा. आणि जाताना माझं दार तेवढं लावून घ्या.