नवख्यांसाठी राखीव

मावशीला शिसारी यायला फारसं काही लागत नसे. ओलसर टॉवेल, फोनवरचं खोटं हसू, 'आपले मनःपूर्वक आभार' असलं पत्र, एवढंही पुरे व्हायचं. पण सख्ख्या भाच्याची शिसारी येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

भाचा एक प्रोग्राम चालवायचा. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा. फुकट आणि सगळ्यांना खुला. कुणीही आत डोकवावं, दुरुस्ती करावी. पगार कुणालाच नाही. लोक हौसेने यायचे, दोन दिवस हवा करायचे आणि गायब व्हायचे. सहा वर्षं टिकली ती एकटी मावशी. तिला कोड लिहिता येत नव्हतं. पण तिला दिसत नव्हतं आणि दवाखान्याच्या चौकशीच्या फोनवर ती रोज आठ तास तोच प्रोग्राम वापरायची. प्रत्येक नवी आवृत्ती आधी तिने ऐकायची, चुका कळवायच्या, मगच ती बाहेर पडायची.

दहा महिन्यांपूर्वी तिने एक चूक कळवली होती. तक्ता वाचताना प्रोग्राम शेवटची ओळ गिळतो. उत्तर आलं: आभारी आहोत, नोंद घेतली आहे. पुढे सगळा आनंदीआनंद. पोरं बिचारी फुकट राबतात, म्हणून तिने तगादा लावला नाही. दवाखान्यातल्या कारकुनाला गळ घातली, तेव्हा तो पेशंटांच्या यादीखाली रोज तिच्यासाठी एक रिकामी ओळ घालू लागला. प्रोग्राम ती ओळ गिळायचा आणि कुणाचं काही अडायचं नाही.

गेल्या आठवड्यात कारकून अचानक रजेवर गेला आणि बदलीवरच्या माणसाला रिकाम्या ओळीचं कुणी सांगितलं नाही. मंगळवारी एका म्हाताऱ्याचा फोन आला. टाके काढायला आजच यायचंय ना? मावशीने यादी दोनदा ऐकली आणि ठामपणे सांगितलं, आज तुमचं नाव नाही. तो घरी बसला. शुक्रवारी मुलीने त्याला उचलून आणलं तेव्हा जखमेत पू झाला होता. मुख्य बाईंनी मावशीला बोलावून घेतलं. पुन्हा असं झालं तर फोन काढून घेऊन पाकिटं चिकटवायला बसवू, असं त्यांनी स्पष्टच सुनावलं. अकरा वर्षं ती त्या फोनवर होती.

रविवारी ती तडक भाच्याकडे गेली. तो कॉम्प्युटरवर दोघा सहकाऱ्यांशी बोलत होता. नवे स्वयंसेवक कसे ओढायचे आणि कसे टिकवायचे, यावर खल चालला होता. तिला खुर्चीत बसवून तो पुन्हा त्यात शिरला.

"सोप्या चुका संपत आल्यात," एक सहकारी म्हणाला. "नव्या माणसाला सोपं काही मिळालं नाही की तो पळतो."

"म्हणून तर नियम केलाय ना," भाचा म्हणाला. "सोपी चूक दिसली तरी आपण हात लावायचा नाही. नवख्यांसाठी राखीव. ती तक्त्याच्या ओळीची चूक बघ, दहा महिने जपून ठेवलीय मी. एक्केचाळीस जणांनी विचारलं, मी दुरुस्त करू का म्हणून!"

"केली किती जणांनी?" मावशीने खुर्चीतूनच विचारलं.

"अगं, तसं नसतं ते. केली कुणीच नाही. पण त्यातले सहा जण आपल्या ग्रुपमध्ये आले."

"आणि तुला करायला किती वेळ लागेल?"

"मला? दहा मिनिटं."

मावशीला शिसारी आली. म्हाताऱ्याच्या मुलीचा शुक्रवारचा रडवेला आवाज अजून तिच्या कानातून गेला नव्हता. तिने टाक्यांपासून पाकिटांपर्यंत सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. "गळाला लावायला म्हणून जपलीस होय रे ती चूक?"

"पण मावशी, कम्युनिटी उभी करायची म्हणजे..." दुसरा सहकारी सुरू झाला.

"तू गप्प बस," मावशीने त्याला तोडलं.

भाच्याचा कीबोर्ड खडखडला. नवव्या मिनिटाला प्रोग्रामने तक्ता वाचला, शेवटच्या ओळीसकट. मावशीला हायसं वाटायला हवं होतं. तिला आणखीच किळस आली.

तेवढ्यात टिंग वाजलं. भाच्याने निरोप मोठ्याने वाचला. "ती चूक मी दुरुस्त करणार होतो. तुम्ही नवख्यांना संधीच देत नाही. मी प्रोजेक्ट सोडतोय."

"हा कोण?"

"चार महिन्यांपूर्वी 'मी दुरुस्त करू का' म्हणाला होता. मग दिसलाच नाही." भाचा हळहळला. अगदी मनापासून हळहळला. म्हाताऱ्याचं ऐकून तो नुसतं "अरेरे" म्हणाला होता.

"आता त्या जागी दुसरी सोपी चूक शोधावी लागणार," तो म्हणाला. "मावशी, तुझ्याइतका हा प्रोग्राम कुणीच वापरत नाही. तुला सापडलंय का गं आणखी काही?"

सापडलं होतं. त्याच दिवशी सकाळी. दुपारी बाराची वेळ प्रोग्राम रात्री बारा अशी वाचत होता, आणि तसं कळवणारी चिठ्ठी तिने टाइपही करून ठेवली होती.

"नाही रे," ती म्हणाली. "आता सगळं व्यवस्थित वाचतोय."

भाच्याला ते ऐकून वाईटच वाटलं.