आल्त्ये बोलायला बसली

खुर्च्या भिंतीला लावून गोल मांडल्या होत्या. वाढदिवस रूलोफचा, पण डच रिवाजाप्रमाणे पोरं-नातवंडांपैकी येणारा प्रत्येक जण त्याच्या बायकोचंही अभिनंदन करत होता. कसलं डोंबलाचं अभिनंदन! आल्त्येचा पाय एका जागी ठरत नव्हता. कॉफी ओत, केक दे, डबा फिरवून प्रत्येकाला रिवाजाचं एकच बिस्कीट दे, झाकण लाव, परत स्वयंपाकघरात पळ.

हॉलंडहून टास्मानियात आल्यावर पोरांच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, घरात इंग्रजीच बोला. रूलोफने तो हुकूमच करून टाकला. तो बांधकामावर चार माणसांत इंग्रजी शिकला. ही चार भिंतींत काय शिकणार, कपाळ? तोंड उघडलं की पोरं फिदीफिदी हसायची. शेवटी तिने बोलणंच सोडलं. आणि आता रूलोफला अर्धांगाचा झटका आला, तो त्याचं इंग्रजी घेऊनच गेला. उरलं डच. ते कळणारी घरात एकटी आल्त्ये.

थोरली शर्ली म्हणाली, "आई, होबार्टच्या वृद्धाश्रमात जागा झालीय. तिथल्या नर्सेसना डच येतं. बाबांना विचार ना, जातील का?"

आल्त्येने विचारलं. रूलोफने तिचा हात घट्ट धरला. "नको गं पाठवू मला."

'हो म्हणतोय' असं ठोकून दिलं असतं, तर कोणाला कळणार होतं? उभा जन्म गप्प बसवलं मेल्याने! शब्द अगदी जिभेवर आला होता.

"नको म्हणतो," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली.

"आणि तुझं काय? तुला झेपणारे का?" शर्लीने विचारलं.

आल्त्येने तोंड उघडलं. इंग्रजी सापडेना. मग ती नवऱ्याकडे वळली आणि डचमध्ये जी सुटली! "ठेवते तुला. दया म्हणून नाही हं! पोटच्या पोरांशी मनातलं धड एक वाक्य बोलता आलं नाही मला, तुझ्यापायी. सगळं साठलंय. आता तू कुठे हलायचं नाहीस. रोज बसून ऐकायचंस."

आईचा एवढा आवाज कोणी ऐकलाच नव्हता.

"बाबा, काय म्हणाली ती?" शर्ली गोंधळली. "सांगा ना!"

रूलोफच्या डोळ्यांना धार लागली होती. तो सांगत राहिला, सगळं डचमध्ये. आता आईच अर्थ सांगेल म्हणून पोरं तिच्याकडे बघायला लागली. आल्त्येने खुर्ची ओढली, नवऱ्याशेजारी बसली आणि डब्यातलं दुसरं बिस्कीट उचललं.