पाचवा फाऊल

डॉक्टरांनी सुई बाहेर ओढली आणि सिरिंज खिडकीकडे धरून पाहिली. आत गढूळ, पिवळसर पाणी होतं आणि त्यात रक्ताची एक बारीक रेघ.

"मागच्या सोमवारी एवढंच निघालं होतं ना?"

"तेव्हा जास्त होतं," ताई म्हणाली. हे खोटं होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

डॉक्टरांनी टोचलेल्या जागी कापूस दाबून धरला. हा गुडघा गेली अकरा वर्षं त्यांच्या हाताखालून जात होता, त्यामुळे त्याच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. गुडघ्याच्या मालकिणीचंही तेच. "मी म्हणणार खेळू नकोस, आणि तू खेळणार. कशाला तोंड वाजवू?"

"फक्त आजचा दिवस, डॉक्टर."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाली होतीस."

आजचा दिवस निवडीचा होता. क्लब दर हंगामाला बारा जणींशी करार करायचा आणि यंदा शिबिराला तेरा जणी आल्या होत्या. दुपारी आपसात सामना, आणि तो संपला की प्रशिक्षक मॅडम सामानाच्या खोलीच्या दारावर यादी लावणार. अकरा नावं सगळ्यांनाच पाठ होती. बाराव्या जागेसाठी दोघी उरल्या होत्या, पस्तिशीची ताई आणि एकोणीस वर्षांची चिंगी. असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण त्या दोघी एकदमच पाणी प्यायला आल्या की बाकीच्यांच्या गप्पा बंद पडायच्या. त्यावरून काय ते समजायचं.

मॅडम ताईपेक्षा चार वर्षांनी मोठ्या, पण त्याही तिला ताईच म्हणत. घरी मात्र ती शेंडेफळ. सतरा वर्षं ती पगार घेऊन बास्केटबॉल खेळत आली होती. चार क्लब झाले, दोन परके देश झाले. तिथल्या भाषांतले तिला चारच शब्द यायचे: डावीकडे, उजवीकडे, तुझा, माझा. एवढ्यावर तिचं छान भागलं होतं. नाक एकदा मोडलं होतं आणि डाव्या हाताची करंगळी आता सरळ होत नव्हती. स्थळं यायची तेव्हा ती दौऱ्यावर असे, आणि दौरे कमी झाले तोवर स्थळंही यायची थांबली. त्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं, कारण सकाळी उठून जायला कोर्ट होतं.

परवा थोरल्या बहिणीचा फोन आला होता. भाऊजींना त्यांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात विश्वासाचं माणूस हवं होतं. भाऊजींनी मधेच फोन घेतला आणि हसत म्हणाले, "अगं, तुला तर वरच्या फळीवरचं काढायला स्टूलसुद्धा लागणार नाही." बिचारे प्रेमानेच म्हणाले होते, आणि नेमकं म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागलं. त्यांनी टोमणा मारला असता तर तिने उलटून टोमणा तरी मारला असता. आता तिला सारखं ते काउंटर दिसत होतं. खोडरबराची बरणी, पट्ट्यांचा गठ्ठा, आणि समोरचं गिऱ्हाईक मान वर करून विचारतंय, तुम्ही पूर्वी खेळायचात का हो? 

ती टेबलावरून उतरली आणि पाय टेकवून पाहिला. पाणी काढल्यावर गुडघा तासभर शहाण्यासारखा वागायचा. सामना मात्र तासाभरात संपणारा नव्हता.

मॅडमनी दोघींनाही लाल संघात घातलं. एकमेकींसमोर उभं केलं असतं तर बरं झालं असतं असं ताईला वाटून गेलं, कारण समोरच्यावर रागावता तरी येतं. चिंगी तिच्या शेजारी उभी राहून उड्या मारत होती. "ताई, आज तुम्ही आवाज द्याल ना? तुमचा आवाज आला की मला सुचतं." पोरगी सरळ होती, आणि या क्षणी तेच ताईच्या डोक्यात जात होतं.

पहिला अर्धा सामना तिने गाजवला. डोकं अजून पंचविशीतच होतं. चेंडू कुणाच्या हातात जाणार हे तिला चेंडूच्या आधी कळायचं. तिच्या पासवर इतर मुली एकामागून एक बास्केट करत होत्या आणि मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. मध्यंतरात ती घोटभर पाणी प्यायली. गुडघ्यात पुन्हा काहीतरी भरत चाललंय, हे तिला बसल्या जागी जाणवलं.

तिसऱ्या क्वार्टरला तिची दैना सुरू झाली. पांढऱ्या संघात एक वेगवान मुलगी होती, तिला सगळ्या भिंगरी म्हणत. भिंगरी डावीकडून घुसली की ताईला ते आधी कळायचं, पायाला मात्र मागाहून. पाय पोचेपर्यंत भिंगरी अर्धी पुढे गेलेली असायची आणि मग ताईचा हात आपोआप पुढे जायचा. शिट्टी, फाऊल. पहिल्या अर्ध्यात एक झालाच होता. आता दुसरा, तिसरा, आणि शेवटचा क्वार्टर सुरू होता होता चौथा. पाच झाले की त्या सामन्यापुरतं बाहेर. आज मात्र तेवढ्यापुरतं नव्हतं.

मॅडमनी वेळ मागून घेतला आणि तिला बाजूला बोलावलं.

"ताई, पाय पोचत नाहीयेत तुझे. म्हणून हात जातोय."

"हो, मॅडम."

"आणखी एक झाला तर मला काही करता येणार नाही."

"नाही होणार."

ती परत गेली. कधी नव्हे ते तिने मनातल्या मनात कुणाकुणाची विनवणी केली. पुढच्या वर्षी काय वाटेल ते होऊ दे, पाय तुटू दे, पण ही सहा मिनिटं निभू दे.

शेवटची तीन मिनिटं उरली होती आणि लाल संघ एका गुणाने मागे होता. भिंगरी चेंडू घेऊन मधोमध घुसली. उजवीकडून चिंगी आली, डावीकडून ताई. तिघी एकदमच उडाल्या. ताईचा पाय अर्ध्या पावलाने उशिरा पडला होता. तिची बोटं भिंगरीच्या मनगटावर चटकन आपटली. मनगटावर ओरखडा उठला असणार, इतका तो फटका तिला स्वतःच्या बोटांत कळला. शिट्टी वाजली.

रेफरी चिंगीच्या पाठीमागे होता, त्याला नीट दिसलं नव्हतं. तो दोघींकडे बघत थांबला, कारण या हॉलची रीत त्यालाही माहीत होती. इथे जिच्याकडून फाऊल व्हायचा ती स्वतःच हात वर करायची. बाहेरच्या संघातल्या मुली याला हसायच्या. पण ताईने ही सवय क्लबात आलेल्या प्रत्येक मुलीच्या अंगी लावली होती. चिंगी तेराव्या वर्षी सुट्टीतल्या वर्गाला आली, तेव्हा तिलाही ताईनेच सांगितलं होतं, "शंका आली तरी हात वर करायचा. हाताला काही पैसे पडत नाहीत."

सतरा वर्षं तो हात ताईला न विचारताच वर जात आला होता. आज तो गेला नाही. ती खाली वाकली आणि बुटाची नाडी बांधू लागली. नाडी सुटलेली नव्हती.

तिने मान वर केली तेव्हा चिंगीचा हात वर होता.

रेफरीने टेबलाकडे वळून बोटांनी चिंगीचा नंबर दाखवला. चिंगीचे आधी तीन झाले होते, हा चौथा. भिंगरी मनगट चोळत क्षणभर ताईकडे बघत राहिली, मग फ्री थ्रो घ्यायला निघून गेली. ताईच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की लाज वाटायलासुद्धा सवड मिळाली नाही. पोरीने आपल्यासाठी केलं, आपल्याला वाचवलं, एवढंच तिच्या मनात आलं. तिने चिंगीचा खांदा दाबला. चिंगी हसली आणि आपल्या जागेवर पळाली.

दीड मिनिटाने चिंगीचा खरोखरचा फाऊल झाला. शिट्टी पुरती वाजायच्या आत तिने हात वर केला. हा पाचवा. ती बेंचवर जाऊन बसली आणि टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. बाकी सगळं झालं ते ताईच्या मनासारखं झालं. शेवटच्या दहा सेकंदांत तिने न बघता मागे पास टाकला, त्यावर बास्केट झाली आणि लाल संघ एका गुणाने जिंकला. मुलींनी तिला उचलून धरलं. खाली ठेवताना गुडघ्यातून कळ गेली, तशी ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली.

यादी लागली. बाराव्या ओळीत ताईचा नंबर होता.

"अटीतटीला डोकं थंड ठेवणारं कुणीतरी मला लागतं," मॅडम तिला म्हणाल्या. "चिंगी चांगलीच आहे. पण शेवटच्या मिनिटाला पाच फाऊल करून बाहेर बसणारी मुलगी नाही परवडत. वय आहे तिचं, शिकेल."

"हो," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

कपडे बदलायच्या खोलीत चिंगी एकटीच होती. बूटसुद्धा काढले नव्हते. रडून झालं होतं, आता नुसतीच बसली होती. ताई तिच्या शेजारी टेकली. येताना तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. तुझे उपकार मी विसरणार नाही, पुढच्या वर्षी मी स्वतः तुझ्यासाठी मॅडमपाशी शब्द टाकीन, असं बरंच काही.

"का केलंस असं?"

"कसं?"

"तो चौथा. हात का वर केलास?"

चिंगीने गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "माझाच लागला ना? आपण दोघी आत होतो. मला लागल्यासारखं वाटलं." मग ती जरा घाबरलीच. "नव्हता का लागला? तुम्हीच सांगितलं होतं ना, शंका आली तरी..."

ताईची जुळवलेली वाक्यं फुकट गेली. पोरीने काही दिलंच नव्हतं. दिलं असतं तर आभार मानता आले असते, फेडता आलं असतं, आयुष्यभर तिचं करत राहता आलं असतं. हिला तर आपलं काय गेलं आणि कुणी नेलं, याचा पत्ताच नव्हता. मॅडमची खोली समोरच होती, दार उघडं होतं, आतला दिवा दिसत होता. आत जाऊन एकच वाक्य बोलायचं होतं. ताईने उठण्यासाठी बाकावर हात टेकले. तो माझा होता मॅडम, असं तिने मनात म्हणूनही पाहिलं. त्यापुढे काय, तर खोडरबराची बरणी. हात टेकलेलेच राहिले.

"ताई, माझं काय चुकतं ते खरं खरं सांगा ना," चिंगी म्हणाली. "मॅडमना विचारायची हिंमत नाही होत. तुम्ही सांगाल ते करीन मी. वर्षभर करीन."

ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"पाय," ती म्हणाली.

"पाय?"

"पाय उशिरा पोचतो तुझा. म्हणून हात जातो."

चिंगीने वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी आपल्याला अंधारात ठेवलं, असा काहीसा तिचा चेहरा झाला. "मला कधी कळलंच नाही."

"आपलं आपल्याला नाही कळत."

चिंगीने बाहीने नाक पुसलं आणि ती उभी राहिली. "हॉल बंद व्हायला अजून अर्धा तास आहे. बघाल का जरा? प्लीज, ताई."

ताई कोर्टाच्या कडेला बसली आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. चिंगी रेषेवर उभी राहिली, गुडघ्यात वाकली आणि बाजूबाजूने सरकू लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. बुटांचे तळवे लाकडावर करकरत होते. पाय जिथे पडायला हवा तिथेच पडत होता, आणि पडायला हवा त्याच क्षणी. ताई एकदा तरी चूक सापडेल म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत होती. असले पाय तिला ऐन पंचविशीतही मिळाले नव्हते.

मॅडम पर्स खांद्याला लावून बाहेर पडल्या आणि दारात थबकल्या. बघून त्यांना बरं वाटलं असावं.

"ताई, म्हणून तर तू हवीस मला," त्या म्हणाल्या. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोन क्षण थांबल्या, ती काही बोलतेय का याची वाट पाहिल्यासारख्या, आणि मग हात हलवून गेल्या.

चिंगी धापा टाकत तिच्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते.

"आता पोचतो का वेळेवर?"

बर्फाचं पाणी ताईच्या पोटरीवरून ओघळत मोज्यात जात होतं.

"अजून थोडा लवकर," ती म्हणाली. "परत कर."

चिंगी वळली आणि पळत जाऊन रेषेवर उभी राहिली.