दगडाची वाट पाहणारे दुकान

मी एक जुनी काच आहे. घराच्या खिडकीची नव्हे हं, पुस्तकांच्या दुकानाच्या दर्शनी भागाची! बढाई मारत नाही, पण माझ्यात डोकावून केस सारखे न केलेला माणूस या रस्त्यावर सापडणार नाही.

मित्रांनो, माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळली, पसरली, निवली आणि मी झाले. चार हमालांनी मला उभी धरून इथे आणले, तेव्हा दुकानाचे मालक "सांभाळून, सांभाळून" म्हणत त्यांच्यामागे धावत होते. मालक पुस्तके छापत आणि विकतही. रोज सकाळी जुन्या वर्तमानपत्राने ते मला स्वतः पुसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची मुलगी शाळेतून येताना माझ्यावर नाक टेकवून पुस्तकांची नावे वाचायची. नर्सबाईंचे आजी-आजोबा समुद्रापलीकडून आलेले. या घरातल्या सगळ्यांचा वर्ण गडद काळा, केस कुरळे. त्यावरून लोक कुजबुजत, पण त्या पोरीला कशाचे काही नव्हते. तिला फक्त पुस्तके दिसत.

मग आमच्याकडे एक लेखक आले. लोक त्यांना 'काडीलावे' म्हणत, कारण कुठेतरी काडी लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी सरळ लिहिले होते की काळ्या वर्णाच्या माणसांची डोकी वाचनासाठी बनलेलीच नाहीत, त्यांच्या मुलांवर पुस्तके वाया घालवू नयेत. मालकांनी ते छापले. माझ्यामागे त्याच पुस्तकाच्या थप्प्या लागल्या आणि मधोमध तेच वाक्य ठळक अक्षरांत लिहिलेली पाटी. मुलीने ती वाचली. दुसऱ्या दिवसापासून ती पलीकडच्या फुटपाथवरून मान खाली घालून जाऊ लागली. मला फार वाईट वाटले.

पुढे एके दिवशी काचवाला टेप घेऊन आला आणि माझे माप घेऊ लागला.

"अहो, पण ही तर धडधाकट आहे की!" तो म्हणाला.

"गुरुवारी लेखक येणारेत," मालक म्हणाले. "चिडलेले लोक दगड मारणारच. फोटो छापून येईल, पुस्तक हातोहात खपेल. दुसरी काच तयार असलेली बरी."

मी जिवंत असताना माझ्या जागी दुसरी सांगून ठेवली! पण काचवाल्याच्या पोटात काही राहत नाही. काचेने कापलेल्या हाताची पट्टी बदलायला तो दवाखान्यात गेला आणि नर्सबाईंना सगळे सांगून आला.

गुरुवारी संध्याकाळी रस्ता माणसांनी भरला. काडीलावे दारात खुर्ची टाकून बसले. समोर फोटोवाला कॅमेरा रोखून उभा. नर्सबाईंचा धाकटा भाऊ सर्वांत पुढे होता, मुठीत दगड घेऊन. नर्सबाईंनी त्याचे मनगट धरले.

"टाक तो खाली."

"ताई, याने आपल्या पोरीबद्दल काय लिहिलंय, वाचलंस ना?"

"वाचलंय. माझंही डोकं फिरलंय. पण इथे तुझ्या दगडाचीच वाट बघतायत. बदली काचसुद्धा सांगून ठेवलीय!"

"माप मीच घेतलंय," गर्दीतून काचवाला ओशाळून म्हणाला.

भावाच्या हातून दगड गळून पडला. नर्सबाई मालकांकडे वळल्या.

"छापायच्या आधी तुम्ही हे वाचलं होतंत?"

"वाचलं होतं," मालक म्हणाले. "पण मतं लेखकाची असतात, बाई."

"आणि छपाई कुणाची? माझ्या मुलीला वाटायला लागलंय की पुस्तकं तिच्यासाठी नाहीतच. तिला काय सांगू? तुम्हीच सांगा."

मालकांनी मागे वळून पाटीकडे पाहिले. तेवढ्यात एक शिक्षक पुढे आले. "हे सोडून दुसरं कुठलं पुस्तक आहे? ते द्या."

"मलाही दुसरंच," मागून एक आजी म्हणाल्या. बघता बघता रांग लागली. काडीलाव्यांकडे कोणी ढुंकूनही पाहीना. त्यांनी घसा खाकरून आणखी दोन घाणेरडी वाक्ये ऐकवली, तरी रांग मोडेना. शेवटी ते उठून ओरडले, "अरे, मारा ना दगड!"

मग असा हशा पिकला म्हणता! फोटोवाल्याला कॅमेरा स्थिर धरता येईना. मी वरपासून खालपर्यंत थरथरले, पण टिकले.

मालक मात्र हसले नाहीत. ते आत आले, आधी पाटी काढली, मग थप्प्या उचलल्या.

"तुम्हाला हवं ते लिहा," ते लेखकांना म्हणाले. "तुमच्यावर बंदी आणा, असं मी म्हणणार नाही. पण माझ्या छापखान्यात हे पुन्हा छापणार नाही. वाचूनसुद्धा छापलं, ही चूक माझी." मग नर्सबाईंना म्हणाले, "मुलीला उद्या घेऊन या. इथे काय मांडायचं ते तिलाच ठरवू द्या."

ती आली! मालकांना तीनतीनदा पुस्तके हलवायला लावली. तिचा मामा बाहेर उभा राहून "थोडं डावीकडे" म्हणून सांगत होता. नवी काचही आली. ती आता आतल्या कपाटाला बसवली आहे. जरा चमकते जास्त, पण स्वभावाने बरी आहे.

मित्रांनो, काचच ती, दगड मारू नका असेच सांगणार, असे तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण राग गिळून गप्पही बसू नका. अपमान लिहिणाऱ्याला हवा असलेला तमाशा देऊ नका, आणि तो छापणाऱ्याला जाब विचारल्याशिवाय सोडू नका. ज्यांचा अपमान झाला त्यांच्या शेजारी उभे राहा. तुमच्यापैकी कोणी उद्या पुस्तके छापेल. छापायचे पान ज्याच्याविषयी आहे, त्याच्या लेकरासमोर ते आधी मोठ्याने वाचून पाहा. वाचायची लाज वाटली, तर छापू नका.