दाबबाबांचं मनगट

दाबबाबा आपल्याच चेल्याच्या चपला घालून मागच्या जिन्याने पळाले. हे वाक्य विसरा. असं काहीही झालेलं नाही. बाबा अजून हॉलमध्ये उंच खुर्चीवर विराजमान आहेत, समोर दीडशे माणसं आहेत आणि तिसऱ्या रांगेत एक प्लंबर बायकोशेजारी दातओठ खात बसला आहे.

बायकोचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं आणि बाईसाहेब ते रद्द करायला निघाल्या होत्या.

वय अवघं छत्तीस, पण रक्तदाब तीन-तीन गोळ्यांना भीक घालत नव्हता. जिना चढताना पाय लुळे पडायचे. डॉक्टरीणबाईंनी कारण शोधलं होतं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते, तिच्यात द्राक्षाएवढी गाठ होती.

"गाठ नव्हे, सात पिढ्यांचा शाप!" बाबा गरजले. "आज तुला, उद्या तुझ्या मुलीला! हात वर, अहंकार खाली! मनगट आकाशाला दाखव!"

मनगटावर बाबांचं रक्तदाब मोजायचं यंत्र बांधलेलं होतं. मांडीवर हात असताना त्याने एकशे ब्याण्णव दाखवले होते. आता हात डोक्यावर ताठ झाला आणि यंत्र गुरगुरलं: एकशे अडतीस!

हॉल दणाणला. मेहुणीने प्लंबरला कोपर मारलं. "दाजी, आता तरी पटलं का?"

"अगं, चौथ्या मजल्यावर नळाला धार कमी येते. त्याला मी कधी चमत्कार म्हटलंय?"

"गप्प बसा हो," बायको खेकसली. "इथेही तुमचे नळ!"

पण गडी उठलाच. "महाराज, आपला दाब किती, ते भक्तांना कळू द्या की!"

भक्तांनी टाळ्या पिटल्या. नाही म्हणायची सोय उरली नाही. बाबांनी यंत्र स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि हात वर केला. चौऱ्याऐंशी.

"सिद्ध पुरुष!" कुणीतरी हुंदका दिला.

"आता हात खाली लोंबू द्या," प्लंबर म्हणाला. एकशे त्रेसष्ट. सिद्ध पुरुषाला घाम फुटला. "आणि आता छातीच्या पातळीला." एकशे सव्वीस.

"तीन मिनिटांत तीन आकडे. शाप जिन्यावरून खाली-वर करतोय की काय?" प्लंबर हॉलकडे वळला. "टाकी छातीत आहे, मंडळी. नळ टाकीच्या वर नेला की जोर कमी, खाली आणला की जास्त. टाकी होती तशीच!"

मग त्याने यंत्र बायकोच्या मनगटाला बांधलं आणि हात छातीपाशी धरला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"म्हणजे दाब उतरलाच नाही?" बायकोने विचारलं.

"तसूभरही नाही. चल घरी, सकाळी सहाला निघायचंय."

बाबांना त्याच क्षणी ध्यान लागलं, आणि ते नेमकं मागच्या जिन्याच्या दिशेने लागलं.

ऑपरेशन झालं. महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी गाठीच्या तपासणीचा अहवाल समजावला. "पेशींच्या एका जनुकात एका अक्षराची चूक झाली होती. त्यामुळे पेशीच्या भिंतीतलं पोटॅशियमचं दार बिघडलं आणि सोडियम आत घुसायला लागलं. पेशी भडकल्या, अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवत सुटल्या. ते मूत्रपिंडाला मीठ सोडू देत नाही. मिठामागे पाणी थांबतं, दाब चढतो. पोटॅशियम मात्र वाहून जातं, म्हणून पाय लुळे."

"म्हणजे वॉशर गेला होता," प्लंबर म्हणाला.

"आणि मुलगी?" बायकोने विचारलं.

"चूक फक्त गाठीत होती, तुमच्या रक्तात नाही. गाठ गेली, चूक गेली. मुलीला काही जात नाही."

त्या संध्याकाळी प्लंबरने पत्र टाकलं:

"प्रति, सर्व बाबा, महाराज व तत्सम मंडळी. विनंती की, यापुढे चमत्कारापूर्वी रुग्णास पाच मिनिटं स्वस्थ बसू द्यावं. मनगट छातीच्या पातळीस धरावं. गोळ्या किंवा ऑपरेशन बंद करण्याचा सल्ला सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावा. आणि रुग्ण कसा आहे हे सांगायला आम्ही आठ दिवसांनी येऊ, तेव्हा त्याच पत्त्यावर सापडावं. कळावे."