एका दोऱ्याचा झगा

आज सकाळी सात वाजता रंगारणीने माझ्या छातीवरचा निळा तुकडा कापून काढला, पदरात गुंडाळला आणि ती घरी गेली. जाण्यापूर्वी ती रिकाम्या दालनात मोठ्याने काहीतरी बोलली. ऐकायला कोणी नव्हते. अडवायलाही नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे. कुळाच्या प्रमुखाने हुकूम देताना अंगावर घ्यायचा, तो झगा. माझे स्वतःचे म्हणावे असे फक्त पांढरे अस्तर आहे. बाकी जे दिसते ते कुळातल्या घरांचे. प्रत्येक घराने आपला एक तुकडा माझ्यावर शिवायचा. तो तुकडा आहे तोवर प्रमुख त्या घराचा. घर नाराज झाले की घरातले कोणीतरी सकाळी येई, कारण मोठ्याने सांगे आणि तुकडा उसवून नेई. प्रमुखाने मला अंगावर घेऊन ते मुकाट्याने ऐकायचे. झग्याला भोक असताना दिलेला हुकूम कोणी पाळत नसे. त्यामुळे समजूत काढणे भाग पडे.

यावरून जुने दिवस फार सुंदर होते असे समजू नका. धान्यवाल्या व्यापाऱ्याच्या जरीने माझी अख्खी पाठ व्यापली होती आणि रंगारणीचा तुकडा काखेत होता, घामात. तो उसवला असता तरी कोणाला कळले नसते. तेव्हाचा प्रमुख तर माझ्याच बाहीला नाक पुसत असे. लोक त्याला दयाळू म्हणत.

तो गेला आणि त्याचा पुतण्या आला. जुनी वस्तू दिसली की त्याच्या अंगाला जणू खाज सुटे, म्हणून लोकांनी त्याचे नाव पाडले नवेदादा. त्याने केलेली पहिली गोष्ट चांगली होती, हे सांगितलेच पाहिजे. सगळ्या घरांचे तुकडे त्याने एकाच मापाचे केले आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. व्यापारी कोपरावर गेला. रंगारीण छातीवर आली. ती त्या दिवशी आनंदाने रडली. पुढे त्याच्या राज्यात रडण्यासारखे बरेच घडले, पण तसे कोणी रडले नाही.

मग कौतुक सुरू झाले. त्यात कारभारी सगळ्यात पुढे.

"दादा, तुमच्यासारखा प्रमुख या कुळात झाला नाही."

दादाने नम्रपणे मान खाली घातली आणि तो म्हणाला, "होणारही नाही बहुतेक."

असे बोलणाऱ्या माणसाला पुढची सुधारणा लवकर सुचते. घरोघरची वेगळी सुई, वेगळा दोरा, वाकडेतिकडे टाके हे त्याच्या डोळ्यांना खुपू लागले. "एक कूळ, एक दोरा!" त्याने जाहीर केले. शिंप्याने मशीनवर मला गळ्यापासून घेरापर्यंत एकाच दोऱ्याने, साखळी टाक्याने शिवून काढले. आता कोणत्याही घराला आपला तुकडा उसवता येणार नव्हता. घरांचे म्हणणे काय पडले, ठाऊक आहे? "बरं झालं बाई, एक हेलपाटा वाचला." आपल्या हातातली सुई कोणी काढून घेतली आणि आपण आभार मानले, असे हे शहाणे लोक.

उसवणे बंद, म्हणून सकाळचे ऐकणे बंद झाले. ऐकणे बंद, म्हणून दालनाच्या पहारेकऱ्याला घरी पाठवले. कारभाऱ्याने या दोन्ही सुधारणांसाठी टाळ्या वाजवल्या आणि इतर लोक त्याच्याकडे पाहून वाजवू लागले.

नंतर दादाने साऱ्या वस्तीला स्वच्छ पाणी द्यायचे ठरवले. पाणी स्वच्छ हवेच. ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगारणीची रंगाची कुंडे होती; ती बुजवायची ठरली. काल ती दालनात आली तेव्हा मी खुंटीवर होतो आणि कारभारी नखे कापत होता.

"दादांना भेटायचंय. कुंडांचं बोलायचंय."

"मावशी, ऐकणं बंद झालं."

"का?"

"तुकडा काढताच येत नाही ना आता. मग नाराजी ऐकायची कशाला?"

"म्हणजे मी नाराज नाही?"

"नियमाप्रमाणे नाही."

"आणि माझी कुंडं?"

"दादा उद्या दुपारी पायरीवरून हुकूम देतील. फावडेवाले सांगून ठेवलेत."

तिने माझ्याकडे पाहिले. "बरं," म्हणाली. कारभाऱ्याला वाटले, पटले.

आज सकाळी ती कात्री घेऊन आली. कापण्याआधी, जुन्या रीतीप्रमाणे, तिने कारण सांगितले. "पाणी घाण व्हावं असं मलाही वाटत नाही. आधी खालच्या अंगाला जागा द्या, मग वरची कुंडं खुशाल बुजवा. तेवढंच सांगायचं होतं." मी ऐकले. पण मी झगा आहे. माझ्या ऐकण्याचा कोणाला काय उपयोग?

दादा आला आणि भोक पाहून लाल झाला.

"उंदराचं काम दिसतंय," कारभारी म्हणाला.

"उंदीर चौकोन कापतो? हा निळा तुकडा होता. तिचा! मी तिला काखेतून छातीवर आणली!"

"उपकार विसरतात, दादा."

दुपारचा हुकूम तर द्यायचाच होता. दादाने आपला निळा रेशमी रुमाल काढला आणि कारभाऱ्याने तो टाचणीने भोकावर लावला. दोघांनी आरशात पाहिले. "आधीपेक्षा छान दिसतंय," कारभारी म्हणाला. दादालाही तसेच वाटले. फक्त रुमालाखालून एक दोरा लोंबत होता. नीटनेटकेपणाची हौस असलेल्या माणसाला ते कसे बघवणार? त्याने तो ओढला.

धान्याच्या पोत्याचे तोंड उघडताना तुम्ही पाहिले असेल. बरोबर टोक हाती आले की शिवण सर्रकन सुटते. माझी तशीच सुटली. कुंभाराचा तुकडा पडला, सुताराचा पडला, व्यापाऱ्याचा पडला. दादाने घाबरून दोरा सोडला आणि दोन्ही हातांनी मला छातीशी आवळून धरले.

शिंप्याला बोलावले.

"हे असं उसवतं, हे तुला माहीत होतं?"

"होतं ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढे खुशीत होता, दादा. म्हटलं कशाला मोडता घाला."

"शिव परत."

"शिवलं असतं. पण पडलेला तुकडा त्या घरच्याच माणसानं उचलायचा असतो." ही एक रीत बदलायची दादाकडून राहून गेली होती. कारभारी उन्हात पायी घरोघर निघाला, बोलवायला.

मित्रांनो, कपड्याची शिवण अधूनमधून स्वतः पाहत जा. दुसऱ्याने मशीनवर मारून दिली म्हणून निश्चिंत राहू नका. आणि सुटलेला दोरा दिसला तर ओढू नका. तो कुठून सुटला ते आधी विचारा.

आता दुपार झाली आहे. दादा अजून मला आवळून उभा आहे आणि मोठा श्वास घ्यायला भितो आहे. खिडकीतून कुंडे दिसतात. फावडेवाले काठावर बसून आहेत, कारण हुकूम आलेला नाही. रंगारणीने चूल पेटवली आहे. धूर सरळ वर चालला आहे. कारभारी घरोघर फिरून परत आला, पण बोलावलेल्यांपैकी फक्त कुंभार आला. त्याचा तुकडा दादाच्या पायाशी पडला आहे.

"ये, ये. उचल आणि एक टाका घाल," दादा म्हणाला.

"घालतो की. पण रंगारीण काय म्हणत होती?"

दादाने कारभाऱ्याकडे पाहिले. कारभाऱ्याने शिंप्याकडे पाहिले. कुंभार दारातच उभा आहे. त्याच्या हातात सुई आहे, तिच्यात दोरा ओवलेला नाही.